छापील पेपरात काम करणाऱ्यांसाठी: बातमीचे पैसे आता कोण देणार?

रात्रपाळी

वर्तमानपत्रात काम करणारे आणि तिथून बाहेर पडलेले बरेच जण इथे आहेत, त्यांच्याशी बोलायला हा धागा काढतोय. छापील पेपर टिकणार की जाणार, या वादात मला आता रस उरलेला नाही. पेपर टिकवण्यासाठी म्हणून आत जे चाललंय त्याबद्दल बोलायचंय.

मी डेस्कवर असतो. आलेली कॉपी, म्हणजे बातमीदारानं लिहिलेला मजकूर, तपासायची, गरज पडली तर पुन्हा लिहायची, मथळा द्यायचा, पान लावायचं आणि वेळेत सोडायचं. पूर्वी एका पानामागे एक उपसंपादक असायचा. आता एकाकडे तीन-चार पानं असतात, आणि पान सुटलं की त्याच बातम्या साइटवर चढवायच्या, मोबाइलसाठी मथळा बदलायचा, समाजमाध्यमांसाठी दोन ओळी काढायच्या. कामाचा बोजा या धंद्यात कायमच होता, त्याची भीती वाटत नाही. काळजी वाटते ती कात्री कुठे लागते याची. खर्च कमी करायचा ठरला की आधी न्यायालयाची बीट, म्हणजे त्या विषयासाठी नेमलेला बातमीदार, जाते, मग नगरपालिकेची, मग आरोग्याची. या बातम्या साइटवर फारशा वाचल्या जात नाहीत हे आकडे दाखवून सिद्ध करता येतं, त्यामुळे बैठकीत कोणी वादही घालत नाही. मग उरलेल्या जागेत बाकी सगळ्यांकडे असतं तेच वृत्तसंस्थेकडून आलेलं मॅटर नवा मथळा लावून जातं.

बातमी गोळा करण्याचा पुरा खर्च वाचकानं कधीच दिला नव्हता. तो जाहिरातदार देत होता, आणि त्याला बातमीशी देणंघेणं नव्हतं, पेपर उघडणारी माणसं हवी होती. तो गेला. आता वाचकाकडे हात पसरायची वेळ आली, आणि नेमकं याच वेळी आपण त्याला देण्याजोगं जे होतं तेच काढून टाकतोय. मला हे आत्मघातकी वाटतं.

अमेरिकेतले आकडे नीट मोजलेले आहेत म्हणून तेच देतो. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या हिशेबानं २००८ साली तिथल्या वर्तमानपत्रांच्या संपादकीय विभागांत सुमारे ७१,००० माणसं होती, २०२० साली सुमारे ३१,०००. डेन्व्हरचं 'रॉकी माउंटन न्यूज' २७ फेब्रुवारी २००९ रोजी शेवटचं निघालं, तेव्हा त्याला दीडशे वर्षं पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते.

बातमीदार नसला की काय होतं त्याचं माझ्या मनातून न जाणारं उदाहरण म्हणजे कॅलिफोर्नियातलं बेल. पस्तीस-चाळीस हजार वस्तीचं, कष्टकऱ्यांचं शहर. तिथला मुख्य प्रशासक वर्षाला जवळपास आठ लाख डॉलर पगार घेत होता, म्हणजे देशाच्या राष्ट्राध्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट. अर्धवेळ काम करणारे नगरसेवक लाखाच्या आसपास उचलत होते. हे वर्षानुवर्षं चालू होतं. जुलै २०१० मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'नं ते बाहेर काढलं, तेही शेजारच्या मेवुड शहराच्या कारभाराची चौकशी चालू असताना धागा हाती लागला म्हणून. पुढे खटले झाले, शिक्षा झाल्या, पेपरला पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. पण तिथल्या सभेत नेमानं जाऊन बसणारा एक जरी बातमीदार असता तर एवढी वर्षं लागली नसती, असं मला ठामपणे वाटतं.

तुमच्याकडे काय कापलं गेलं ते लिहा. आणि एखादा बदल खरोखर उपयोगी पडला असेल तर तोही लिहा, मला तेच जास्त ऐकायचंय.

छोटी_जाहिरात

धागा काढलात ते बरं केलंत. माझं आयुष्य जाहिरात विभागात गेलं, त्यामुळे त्या बाजूनं लिहितो.

जाहिरातदार एकदम गेला नाही. आधी गेल्या छोट्या जाहिराती. नोकरी, घर, जुनी गाडी, हरवले-सापडले. संपादकीय विभागात त्यांना कोणी विचारत नसे, पण कंपनी त्यांच्यावर उभी होती. २००० साली अमेरिकेतल्या दैनिकांना एकट्या छोट्या जाहिरातींतून १९ अब्ज डॉलरच्या वर मिळत, म्हणजे जाहिरातींच्या एकूण उत्पन्नाच्या सुमारे ४० टक्के. पुढच्या बारा वर्षांत त्यातला जेमतेम पाव हिस्सा उरला.

यात आणखी एक गोष्ट होती जी तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. छोटी जाहिरात देणारा माणूस दोन ओळींचे पैसे खिडकीवर आगाऊ भरून जायचा. असे हजारो. त्यातला एकही संपादकाला फोन करून 'ती बातमी छापू नका' म्हणू शकत नव्हता. पानभर जाहिरात देणारा म्हणू शकतो. छोट्या जाहिराती गेल्या तेव्हा पैसा तर गेलाच, पण संपादकाच्या पाठीमागचा भक्कम आधारही गेला. त्यानंतर मोजक्या मोठ्या जाहिरातदारांवरचं अवलंबन वाढत गेलं आणि त्याचे परिणाम आम्ही सगळ्यांनी जवळून पाहिलेत.

क्रेग न्यूमार्कनं १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या ओळखीच्या लोकांना ईमेल पाठवण्यापासून जी यादी सुरू केली तिचं पुढे क्रेगलिस्ट ही छोट्या जाहिरातींची साइट झाली. तिच्यामुळे २००० ते २००७ या काळात जाहिरात देणाऱ्यांचे सुमारे ५ अब्ज डॉलर वाचले, असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी काढलंय. वाचले म्हणजे पेपरला मिळाले नाहीत.

पण 'इंटरनेटपुढे कोणाचाच इलाज नव्हता' हे मला मान्य नाही. नॉर्वेत शिबस्टेड या वर्तमानपत्र कंपनीनं काही प्रादेशिक पेपरांना बरोबर घेऊन २००० साली फिन डॉट एनओ ही छोट्या जाहिरातींची साइट स्वतःच काढली. स्वतःच्या छापील जाहिराती स्वतःच खायच्या, हे ठरवायला धाडस लागतं. ती साइट देशातली सर्वांत मोठी ठरली आणि तिच्या पैशावर त्यांचे पेपर पुढची बरीच वर्षं तगले. अर्थात शेवट तिथेही फारकतीतच झाला. २०२४ मध्ये बातमीचा सगळा व्यवसाय कंपनीचा सर्वांत मोठा भागधारक असलेल्या टिनियस ट्रस्टनं विकत घेतला आणि जाहिरातींच्या साइट मूळ कंपनीकडे राहिल्या. जाहिरात आणि बातमी यांचा संसार तिथेही टिकला नाही, पण निदान बातमीला सांभाळणारं कोणीतरी मिळालं.

नेमाने_वाचणारी

मी वाचक आहे, या धंद्यातली नाही. बोललं तर चालेल ना?

घरी येणारा पेपर मी मागे बंद केला. पैशाचा प्रश्न नव्हता. पहिलं पान शोधायला दोन-दोन जाहिरातींची पानं उलटावी लागत आणि आतली निम्मी बातमी मी आदल्या संध्याकाळी फोनवर वाचलेली असे. साइटवर गेले तर मजकुरावर इतक्या चौकटी उघडतात की बातमी सापडत नाही. मी पैसे द्यायला तयार आहे. दुसरीकडे कुठे मिळणार नाही असं काहीतरी द्या एवढंच म्हणणं. बेलची गोष्ट मला माहीत नव्हती. अशी बातमी देणाऱ्या पेपरला मी वर्षाची वर्गणी एकरकमी भरेन.

वेबकडून

@रात्रपाळी, बऱ्याच अंशी सहमत, पण आकड्यांना आरोपी करू नका. मी डिजिटलला आहे आणि रोज तेच आकडे बघतो. चूक ते कोणते निवडले यात झाली. पान किती वेळा उघडलं हे मोजायला सोपं, म्हणून तेच मोजलं. वर्गणी भरण्याआधी माणसानं काय काय वाचलं हे पाहायला लागलो तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. न्यायालयाची बातमी वाचणारे थोडे असतात, पण ते परत येतात.

दुसऱ्यांच्या अंगणात दुकान मांडल्याची किंमतही या धंद्यानं भरपूर मोजली. २०१५ च्या सुमारास फेसबुकवर व्हिडिओ चालतात म्हणून कित्येक ठिकाणी लिहिणारे काढून व्हिडिओवाले घेतले गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकनंच सांगितलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा आकडा त्यांनी ६० ते ८० टक्क्यांनी फुगवून दाखवला होता. तोवर माणसं गेली होती. कॅनडात २०२३ मध्ये बातम्यांसाठी मोबदला द्यायचा कायदा झाला, तर फेसबुकची मालक कंपनी मेटानं ऑगस्टपासून तिथल्या लोकांना फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर बातम्या दाखवणंच बंद केलं. सगळा वाचक तिथूनच आणणाऱ्या छोट्या साइटचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

आणि 'छापणं बंद करा, खर्च वाचेल, वाचक आपोआप ऑनलाइन येईल' असं मानणाऱ्यांनी ब्रिटनच्या 'इंडिपेंडंट'वर झालेला अभ्यास जरूर वाचावा. त्यांचा छापील अंक मार्च २०१६ मध्ये थांबला. साइटवर येणाऱ्यांची संख्या टिकली, कंपनी नफ्यात आली. पण ब्रिटिश वाचक त्या पेपरसाठी एकूण जेवढा वेळ देत तो ८१ टक्क्यांनी घटला. छापील अंकाच्या वाचकांपैकी निम्मे तो जवळजवळ रोज वाचत. ऑनलाइन येणारा महिन्यातून दोनेक वेळा डोकावतो. धंदा वाचला, पण पेपरचं वाचकाच्या आयुष्यातलं स्थान गेलं.

उलट उदाहरणही आहे. मॉन्ट्रियलच्या 'ला प्रेस'नं २०१३ मध्ये टॅबलेटवरची आवृत्ती काढली. रोज एकदा निघणारी, पानं लावलेली, संपणारी. वाचक तिच्याकडे वळेपर्यंत दोन-अडीच वर्षं छापील अंक चालू ठेवला, मग २०१६ च्या सुरुवातीला शनिवार सोडून तो थांबवला, २०१७ च्या शेवटी शनिवारचाही. २०१८ मध्ये पेपर ना-नफा विश्वस्त संस्थेकडे गेला आणि वाचक देणग्या देतात. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांनी डेस्क मोडला नाही.

रोटरी

छपाई विभागातून लिहितोय. आमच्याबद्दल सहसा कोणी लिहीत नाही.

यंत्र तीस हजार प्रती काढो की तीन लाख, प्लेट तेवढ्याच लागतात, यंत्र सुरू करायला तेवढीच माणसं लागतात, शाई आणि पाणी जुळेपर्यंत तेवढाच कागद वाया जातो. खप निम्मा झाला म्हणून खर्च निम्मा होत नाही. म्हणून मालक यंत्र बंद करून दुसऱ्याच्या छापखान्यात अंक छापून घेतात. कागदावर हे शहाणपणाचं दिसतं. पण त्या छापखान्यात आणखी चार पेपर छापले जातात, तुमचा नंबर लवकरचा असतो आणि तिथून गाडीला जास्त अंतर कापायचं असतं. मग पान सोडायची वेळ रात्री बारावरून दहावर, दहावरून आठवर येते. रात्रीचा सामना, उशिरा लागलेला निकाल, मतमोजणी, काहीच अंकात येत नाही. सकाळी वाचक म्हणतो पेपर शिळा आहे, आणि त्याचं बरोबरच असतं. पेपर बंद करायला लावणारी एक गोष्ट आम्हीच अशी तयार केली.

'गार्डियन'नं २००५ मध्ये बर्लिनर या मधल्या आकारासाठी सुमारे ८ कोटी पौंडांची खास यंत्रं घेतली होती. जानेवारी २०१८ मध्ये तो पेपर टॅब्लॉइड या त्याहून लहान आकारात दुसऱ्यांच्या यंत्रांवर छापायला गेला. तेरा वर्षंही पुरी झाली नाहीत. एवढे पैसे छपाईत अडकवताना पुढचं कोणालाच दिसत नव्हतं.

आमच्यातल्या जुन्या लोकांनी हे आधीही पाहिलंय. 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये शिशाच्या ओळी ओतणारी लायनोटाइप यंत्रं जुलै १९७८ मध्ये थांबली. लंडनमध्ये १९८६ साली वॉपिंगला नवं संगणकीय तंत्र आलं तेव्हा सुमारे सहा हजार छपाई कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तेव्हा संपादकीय विभागातल्या अनेकांना वाटलं हे छपाईवाल्यांचं दुखणं आहे. मनात कडवटपणा ठेवून लिहीत नाही. आज दोन्हीकडची माणसं जात आहेत, तर निदान आता तरी एकमेकांचं काम समजून घ्यावं.

मुद्रितशोधक

@वेबकडून, "डेस्क मोडला नाही" या वाक्यासाठी मनापासून धन्यवाद.

आमचा विभाग सगळीकडे आधी जातो, कारण आम्ही काय केलं ते अंकात दिसत नाही. दिसतं ते फक्त आम्ही नसल्यावर. 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या पेपरनंसुद्धा २०१७ मध्ये मजकूर तपासणारा स्वतंत्र कॉपी डेस्क बंद केला. तिथले बातमीदार त्यांच्या बाजूनं कामावरून उठून रस्त्यावर आले होते.

मे २०२५ मध्ये 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचायच्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली १० पुस्तकं अस्तित्वातच नव्हती. लेखक खरे, पुस्तकं खोटी, सारांशासकट. पुरवणी बाहेरच्या सिंडिकेटकडून, म्हणजे पेपरांना तयार मजकूर विकणाऱ्या संस्थेकडून, आली होती, लिहिणाऱ्यानं यादी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतली होती आणि पेपरातल्या कोणीही ती वाचून पाहिली नव्हती. मला यंत्राचा राग नाही. मजकूर आणि छपाई यांच्यामध्ये तो एकदा डोळ्यांखालून घालणारा माणूसच उरला नव्हता, हे भयंकर आहे. ग्रंथालयाची सूची उघडली असती तर काही मिनिटांत कळलं असतं.

वार्ताहर_ताई

मी पगारी नाही. बातमीमागे मानधन मिळतं, तेही छापून आली तर. सभेला दिवसभर बसले आणि बातमी निघाली नाही तर त्या दिवसाचं काहीच नाही. याचा अर्थ असा की ज्या बेलबद्दल वर लिहिलंय, तिथे मी असते तर सभा बघायला जाणं मला परवडलंच नसतं. कारण अशा ठिकाणी सतत बसावं लागतं आणि नव्वद टक्के वेळा काहीच घडत नाही. हजर राहण्याचे पैसे कोणीतरी द्यायला हवेत, बातमीचे नंतर.

साइटसाठी मागतात ती कॉपी वेगळीच. अपघात, हाणामारी, कोणीतरी केलेलं विचित्र विधान. ती दहा मिनिटांत होते आणि मानधन तेवढंच. पाणीपुरवठ्याच्या कंत्राटाची कागदपत्रं वाचायला आठवडा जातो, त्यालाही मानधन तेवढंच. मी तरीही कागदपत्रं वाचते, कारण मी नाही वाचली तर दुसरं कोणी वाचणार नाही हे मला नक्की माहीत आहे.

एक अभ्यास इथे सांगावासा वाटतो. अमेरिकेत पेपर बंद पडलेल्या भागांतल्या स्थानिक सरकारांना रोख्यांवर ०.०५ ते ०.११ टक्के जास्त व्याज मोजावं लागलं. लक्ष ठेवणारं कोणी उरलं नाही की कर्ज देणारा सावध होतो. आकडा लहान दिसतो, पण ते व्याज करातूनच भरलं जातं. वाचकाला पेपरसाठी पैसे मागताना मला हे सांगायला आवडतं.

उमेदवार

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. पत्रकारितेचा अभ्यासक्रम संपत आलाय आणि एका दैनिकात मुलाखत आहे. घरचे म्हणतात या धंद्यात जाऊ नकोस. मला बातमीदारीच करायची आहे. तुम्ही सगळे आत आहात, तर खरं सांगा, येऊ का? आणि आलो तर काय बघून येऊ?

छोटी_जाहिरात

@उमेदवार, मुलाखतीत पेपरचं उत्पन्न कुठून येतं ते विचारा. वर्गणीचा वाटा किती, जाहिरातीचा किती, आणि त्यातला सर्वांत मोठा जाहिरातदार कोण. सांगायला टाळाटाळ झाली तरी तुम्हाला बरंच कळेल.

वेबकडून

'न्यूयॉर्क टाइम्स'चं नाव घेऊन कोणी तुम्हाला भुलवलं तर थोडं थांबा. मार्च २०११ मध्ये त्यांनी साइटवर वर्गणी लावली, २०२३ मध्ये एक कोटी वर्गणीदारांच्या पुढे गेले, हे खरं. पण त्यांच्या वर्गणीत शब्दकोडी आहेत, स्वयंपाकाच्या कृती आहेत, २०२२ मध्ये विकत घेतलेला वर्डल हा शब्दखेळ आहे, आणि बाजारपेठ अख्खी इंग्रजी वाचणारी दुनिया आहे. एका शहराच्या पेपरला तो रस्ता जसाच्या तसा जमणार नाही. तुम्हाला मुलाखतीला बोलावणाऱ्यांचा स्वतःचा रस्ता कोणता, ते विचारा.

नेमाने_वाचणारी

@वार्ताहर_ताई, तुमच्यासारख्या माणसाच्या हजर राहण्याचे पैसे थेट देता येतील अशी सोय कुठे आहे का?

वार्ताहर_ताई

काही ठिकाणी आहे. 'सॉल्ट लेक ट्रिब्यून' हा पेपर २०१९ मध्ये ना-नफा संस्था झाला, तिथे देणगी देता येते. 'गार्डियन'नं साइटला कुलूप न लावता वाचकांकडे मदत मागितली आणि लाखो वाचकांनी दिली. माझ्या पेपरात अजून तशी सोय नाही. असती तर मी आधी न्यायालयासाठी एक कायमचा माणूस मागितला असता.

रात्रपाळी

एवढे भरभरून प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. @रोटरी, पान सोडण्याच्या वेळेबद्दल तुम्ही लिहिलंत ते मी रोज भोगतो, पण त्याचं कारण छापखान्याच्या बाजूनं इतकं स्पष्ट कधी कोणी सांगितलं नव्हतं.

@उमेदवार, या. पण डोळे उघडे ठेवून या. तिथे गेल्यावर दोन-तीन गोष्टी नक्की बघा. तुमची कॉपी तुमच्यानंतर किती जण वाचणार, हे विचारा. एकही नाही असं उत्तर आलं तर ती जागा शिकण्याची नाही. न्यायालय, नगरपालिका आणि आरोग्य या बीटवर आज कोण आहे त्यांची नावं विचारा, आणि मागच्या महिन्याभराचे अंक काढून ती नावं बायलाइनमध्ये, म्हणजे बातमीवरच्या नावाच्या ओळीत, दिसतात का ते ताडून बघा. पगार बातमीवर आहे की महिन्यावर, तेही आधीच लेखी घ्या.

काम मिळालं तर पहिल्या वर्षात कोणालाही नको असलेली बीट मागून घ्या. माहितीचा अर्ज कसा करायचा, अंदाजपत्रक कसं वाचायचं, निकालपत्रात नेमकं काय शोधायचं, हे तिथेच येतं आणि ते आलं की पेपर बदलला, बंद पडला, कागदावरून फोनवर गेला तरी तुमच्याकडचं काम कोणाला काढून घेता येत नाही. मुलाखत झाली की इथे लिहा. अंदाजपत्रक वाचायला बसाल तेव्हाही लिहा, @वार्ताहर_ताई आणि मी दोघं मिळून पहिल्या वेळी बरोबर बसू.